नाकावरची काळी रेघ

टर्नबो तळ्याच्या धक्क्यावर मासे साफ करायची एक पत्र्याची शेड आहे. तीन बाजूंना जाळी, मधे लांबलचक टेबल, टेबलावर पाण्याची नळी आणि टेबलामागे विल्डा प्रूएट. गावातला शर्टांचा कारखाना बंद पडला तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, ती तिथं उभी आहे. कारखान्यात ती कॉलरी शिवायची. तिचा नवरा डॉल्फ त्याच वर्षी टेक्ससला पाइपलाइनच्या कामावर गेला आणि तिकडचाच झाला. विल्डानं महिनाभर वाट पाहिली, मग त्याची बोट धुऊन पुसून स्वतःसाठी घेतली आणि धक्क्याचा मालक बर्ल ओडम याच्यापुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, तुझा तो मासे साफ करणारा माणूस अर्धं मांस काट्यालाच ठेवतो, उद्यापासून मी येते. बर्लनं विचारायचं म्हणून विचारलं, तुला जमेल का. तिनं बादलीतला एक क्रॉपी उचलला, त्याचीच सुरी घेतली आणि त्याचं वाक्य पुरतं संपायच्या आत दोन्ही बाजूंचं मांस अख्खं सोडवून त्याच्या तळहातावर ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली.

टीव्हीवरचे लोक या माशाला क्रॅपी म्हणतात. टर्नबोवर सगळे क्रॉपीच म्हणतात, आणि क्रॅपी म्हणणारा माणूस शहरातून आलाय एवढं कळायला तेवढं पुरतं. हाताच्या पंजापेक्षा थोडा मोठा, ताटलीसारखा चपटा, रुपेरी मासा. मक्याच्या पिठात घोळवून तळला की त्याच्यासारखी चव दुसऱ्या कुठल्या गोड्या पाण्यातल्या माशाला नाही. त्यात दोन जाती. पांढऱ्याच्या अंगावर वरून खाली उतरणारे फिकट पट्टे असतात. काळ्याच्या अंगावर शाईचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके, कसेही विखुरलेले. वर्षातले दहा महिने शेंबडं पोरही दोघांतला फरक सांगेल. घोटाळा होतो तो एप्रिलात. डॉगवूडची झाडं फुलली, पाणी जरा कोमट झालं, की क्रॉपी अंडी घालायला काठाला येतात, आणि तेव्हा पांढऱ्या जातीचा नर असा काही काळवंडतो की जन्म तळ्यावर घालवलेली माणसंही त्याला काळा म्हणून मोकळी होतात.

विल्डा होत नसे. एकदा जिल्ह्याच्या दवाखान्यातले एक डॉक्टर मोठ्या ऐटीत काळाकुट्ट मासा घेऊन आले आणि याला फ्रेम करून भिंतीवर लावणार म्हणाले, काळा क्रॉपी इतका मोठा कुणी पाहिला नसेल. विल्डानं मासा डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताचं बोट पाठीवरच्या पराच्या काट्यांवरून फिरवलं.

"सहा," ती म्हणाली. "सहापर्यंत पांढरा, सात-आठ असले तर काळा. हा पांढराच आहे, डॉक्टर. लग्नाला उभा राहिलाय म्हणून सूट घातलाय."

डॉक्टरांनी स्वतः मोजले. सहाच भरले. तिला हे तिच्या वडिलांनी शिकवलं होतं, सात वर्षांची असताना, डोळे मिटायला लावून. रंगावर जाऊ नकोस, म्हणायचे, रंग पाण्याप्रमाणे बदलतो, काटे बदलत नाहीत.

मासे पकडण्यातही तिचा हात कुणी धरू शकत नसे. हिवाळ्यात लोकांनी टाकून दिलेली नाताळची झाडं ती गोळा करायची, बुंध्याला सिमेंटची वीट बांधायची आणि आपल्या ठरलेल्या जागी तळाशी सोडायची. वर्षभरात त्यावर शेवाळ धरतं, शेवाळाला बारके मासे येतात, बारक्यांमागे क्रॉपी येतात. अशा तिच्या सतरा जागा होत्या आणि त्यांतली एकही कागदावर नव्हती. समोरच्या कड्यावरचा वठलेला ओक आणि पाण्याच्या टाकीचं टोक एका रेषेत आलं की ती बोट थांबवायची. लांब काठी, बारीक दोरा, शिशाच्या डोक्याचा आणि पिसांच्या शेपटीचा हलका गळ. क्रॉपी खालून वर बघत खातो, म्हणून गळ त्याच्या डोक्यावर राहील असा सोडायचा. ओढ लागली की झटका द्यायचा नाही, कारण या माशाचा ओठ कागदासारखा असतो, लगेच फाटतो. नुसती काठी उचलायची. "मासा तुमच्याकडे येतोय, त्याला येऊ द्या," असं ती नवख्यांना सांगायची, आणि ते झटका द्यायचेच, आणि ती त्यांच्याकडे न बघता आपला पुढचा मासा बोटीत घ्यायची.

तर अशी ही बाई. काही विचारलं की उत्तर तयार, आणि ते बहुतेक वेळा बरोबर. त्यामुळे अग्निशमन दलाची वार्षिक क्रॉपी स्पर्धा सुरू झाली तेव्हा मासे पारखायला कोण बसणार याची चर्चाही झाली नाही. एक बक्षीस सर्वांत वजनदार पांढऱ्याला, एक काळ्याला, मासा मात्र टर्नबोतलाच हवा. वजन बर्ल करायचा, जात विल्डा सांगायची आणि तिनं सांगितलं की विषय संपला.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी स्पर्धेच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं आणि धक्क्यावर ऐंशीएक माणसं जमली होती. दुपारी दोनपर्यंत काळ्यांत रँडल मेबरी पुढे होता. रँडलचं टायरचं दुकान होतं, बोट नवी होती आणि आवाज मोठा होता. त्याचा मासा दोन पौंड तीन औंस भरला. बक्षीस होतं पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, आणि ते कुठं बसवायचं हे तो मित्रांना दाखवत होता.

वेळ संपायला पाच-सात मिनिटं उरली असताना थर्मन कॉइल आला.

थर्मननं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. तालुक्यातली अर्धी माणसं लहानपणी त्याच्या बसमधून गेलेली आणि त्यांतल्या कुणालाही त्याचं एखादं लांब वाक्य आठवत नसे. बायको व्हर्डी दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून तो निवृत्तीत लोकांच्या जमिनींवरचं गवत कापायचा आणि उरलेल्या वेळात एका जुन्या चपट्या बोटीतून एकटाच मासे धरायचा. स्पर्धेत तो कधी उतरत नसे. व्हर्डी दरवर्षी मागं लागायची, त्यानं दरवर्षी नाही म्हटलं होतं. या वर्षी त्यानं नाव दिलं, आणि का दिलं ते त्याला कुणी विचारलं नाही.

त्यानं बर्फाच्या पेटीतून मासा काढून टेबलावर ठेवला आणि आजूबाजूची बोलणी बंद पडली. बर्लनं वजनकाट्यावर टाकला. दोन पौंड अकरा औंस. टर्नबोवर एवढा मोठा काळा क्रॉपी तिथल्या कुणी पाहिला नव्हता. कुणीतरी शिटी वाजवली. रँडल पुढे येऊन बघू लागला.

विल्डानं मासा उचलला. काटे आठ. ठिपके विखुरलेले. काळाच होता, शंका नव्हती. पण खालच्या ओठापासून निघून नाकावरून, कपाळावरून थेट पाठीच्या परापर्यंत एक काळी रेघ गेली होती, बोटानं बुक्का ओढावा तशी सरळ. विल्डानं अंगठ्यानं ती पुसून बघितली. रेघ कातडीतलीच होती.

अशी रेघ तिनं पूर्वी एकदाच पाहिली होती. सॉयर ओढ्याच्या वर टेकडीवर स्टेगल नावाच्या माणसाचं शेततळं होतं. स्टेगल नॅशव्हिलला राहायचा, वर्षातून दोनदा यायचा. चार वर्षांपूर्वी त्यानं कुठल्याशा मत्स्यबीज केंद्रातून खास रेघेचे क्रॉपी आणून तळ्यात सोडले होते आणि एकदा त्यातले सहा-सात साफ करायला विल्डाकडे पाठवले होते. टर्नबोत मात्र बावीस वर्षांत तिच्या हाताखालून गेलेल्या हजारो माशांत रेघेचा एकही नव्हता. आणि स्टेगलच्या तळ्याकाठचं गवत कापायला कोण जायचं, तर थर्मन कॉइल.

"कुठं मिळाला म्हणालास?" तिनं विचारलं. त्यानं अजून काही म्हटलेलंच नव्हतं.

"सॉयर ओढ्याच्या तोंडाशी. पडलेल्या विलोच्या झाडाखाली."

"थर्मन, हा मासा आपल्या पाण्यातला नाही."

ती पुढे म्हणाली, "हे रेघेचे मासे स्टेगलच्या तळ्यात आहेत. तू तिथं गवत कापतोस. दुसरीकडून आणलेला मासा मी स्पर्धेत धरणार नाही, आणि हे तुलाही माहीत आहे."

ती हे मोठ्यानं बोलली नाही. पण तिचा आवाज मुळातच धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा, आणि एवढी माणसं गप्प उभी होती. थर्मनची मान लाल झाली. त्यानं मासा उचलला, पेटीत ठेवला, पेटीचं झाकण नीट दाबून लावलं.

"तुम्ही म्हणाल तसं, विल्डाबाई," तो म्हणाला आणि आपल्या गाडीकडे चालायला लागला. रँडलला बक्षीस मिळालं. धक्क्यावर लाकडाच्या फळीवर विजेत्यांची नावं रंगवतात, तिथं त्याचं नाव लागलं.

त्यानंतर थर्मन धक्क्यावर दिसेना. गावात मात्र त्याच्या नावानं विनोद सुरू झाले. कॉइल गवत कापतो आणि मासे ढापतो, असं रँडलच्या दुकानात कुणी म्हटलं आणि ते गावभर पसरलं. दोन घरांनी गवताचं काम दुसऱ्याला दिलं. विल्डाची धाकटी बहीण जोरेटा पेट्रोल पंपावरच्या दुकानात काम करायची, तिच्या कानावर सगळं यायचं आणि ती ते संध्याकाळी बहिणीच्या ओसरीवर आणून ओतायची. विल्डा म्हणायची, त्यानं केलं, त्याचं त्याला मिळालं. एवढं बोलून ती वाटाणे सोलायला घ्यायची.

मेच्या मधे एका सकाळी तिला शेडवर काम नव्हतं. अंडी घालण्याचा मोसम सरला होता, क्रॉपी काठ सोडून खोल पाण्यात निघाले होते, आणि जाताना ते ओढ्यांच्या तोंडाशी थांबतात हे तिला माहीत होतं. म्हणून ती सॉयरकडे गेली. पडलेला विलो होताच. तिनं बोट फांदीला बांधली आणि बुंध्याच्या सावलीत आठ फूट खोलीवर गळ सोडला. पहिले चार पांढरे मिळाले. पाचव्याला ओढ वेगळी लागली, जरा जड. तिनं काठी उचलली, मासा पाण्यावर आला, कुशीवर वळला आणि तिच्याकडे तोंड करून थांबला.

नाकावर रेघ होती.

तिनं तो आत घेतला, मांडीवर ठेवला. काटे सात. दहा इंच भरला असता. मग तिनं पुन्हा गळ सोडला, कारण एक मासा कुणी आणूनही टाकू शकतो. तासाभरात आणखी दोन रेघेचे मिळाले.

दुसरी कुणी असती तर ते तीन मासे पाण्यात सोडून घरी गेली असती. त्या सकाळी त्या पाण्यावर दुसरी बोट नव्हती. विल्डाच्या मनात हे आलंच नाही असं नाही. पुढे तिनंच ते जोरेटाला सांगितलं, की आलं होतं, आणि जेवढा वेळ दोरा गुंडाळायला लागतो तेवढा वेळ टिकलं. मासे बर्फावर टाकून ती बोट काठाला घेऊन गेली आणि रबरी बुटांतच ओढ्याच्या कडेनं वर चालायला लागली.

अर्धा मैल चढ होता. जसजशी ती वर गेली तसतसं दिसायला लागलं. ओढ्याकाठच्या तारेच्या कुंपणात कमरेएवढ्या उंचीवर वाळकं गवत आणि काटक्या अडकल्या होत्या. फेब्रुवारीत चार दिवस सतत पाऊस लागला होता तेव्हाच्या. स्टेगलच्या तळ्याला जादा पाणी जायला एका बाजूला गवताची मोरी होती. तिचा अर्धा भाग वाहून गेला होता आणि तिथं पुरुषभर खोल घळ पडली होती. घळीतून ओढ्यात, ओढ्यातून टर्नबोत. पावसाच्या त्या चार दिवसांत तळ्यातले मासे खाली उतरले होते आणि कुणाला पत्ताही नव्हता. स्टेगल आलेलाच नव्हता. तळ्याभोवती गवत मात्र नुकतं कापलेलं होतं. त्या घळीच्या अगदी कडेपर्यंत.

ती तशीच, चिखलाच्या बुटांनी, थर्मनच्या घरी गेली. तो मागच्या अंगणात गवताच्या यंत्राचं पातं घासत होता. तिनं पेटी त्याच्या पायाशी ठेवली आणि झाकण उघडलं.

"सॉयरच्या तोंडाशी," ती म्हणाली. "विलोखाली. आज सकाळी."

त्यानं वाकून बघितलं. मग पुन्हा पातं घासायला घेतलं.

"तळ्याची मोरी फुटलीय," ती म्हणाली. "तू तिथं गवत कापतोस. तुला दिसली असणार."

"एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिसली. स्टेगलसाहेबांना फोन केला होता. बघू म्हणाले."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस? तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

थर्मननं पातं खाली ठेवलं. तिनं त्याला आयुष्यात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

"त्यांच्या तळ्यात कसले मासे आहेत ते मला कुठं माहीत, विल्डाबाई? मी गवत कापतो. तिथं गळ टाकायला त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. रेघ कसली, कुठून आली, मला काय ठाऊक. ते तुम्हाला ठाऊक होतं. आणि तुम्ही मला विचारलं कुठं? तुम्ही सांगितलंत."

विल्डानं वाकून पेटीचं झाकण लावलं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी ऐंशी माणसांपुढं बोलले. आता ऐंशी माणसांपुढंच परत घेईन."

"नको. पुन्हा सगळे माझ्याकडे बघतील."

"बघू देत. या वेळी माझ्याकडेही बघतील."

ती दारापर्यंत गेल्यावर त्यानं मागून विचारलं, त्या तीन माशांचं काय करणार. ती म्हणाली, बर्फात ठेवणार, साक्षीला लागतील.

बर्लला हे पटलं नाही. तो म्हणाला, झालं ते झालं, रँडलनं यंत्र बोटीला बसवलंय, फळीवर नाव रंगवलंय, आता महिन्यानं निकाल फिरवला तर पुढच्या वर्षी हरलेला प्रत्येक जण भांडायला येईल. तू थर्मनला भेटलीस ना, माफी मागितलीस ना, मग झालं की. विल्डानं त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि सुऱ्यांचं गुंडाळं काखेत मारलं.

"मग पुढच्या सोमवारपासून मासे साफ करायला दुसरं कुणी बघ."

"अगं, मेमोरियल डेला चारशे माणसं जेवायला येतायत!"

"म्हणूनच म्हटलं, आधी सांगावं."

मेच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, अग्निशमन दलाचं माशांचं जेवण असतं. धक्क्यामागच्या मैदानात मोठमोठ्या कढया लागतात, तेलात क्रॉपी पडत राहतात, मक्याच्या पिठाचे तळलेले गोळे, कोबीचं सॅलड, पिंपभर गोड गार चहा. विल्डा त्या दिवशी सकाळपासून मासे सोडवत होती. बारा वाजता प्रार्थना झाली, लोक ताटल्या घेऊन रांगेत उभे राहिले, तेव्हा ती हात धुऊन, अंगावर तोच रबरी एप्रन ठेवून, जवळच्या पिकअप गाडीच्या मागच्या फळीवर चढली. हातात तिचे तीन मासे एका ताटात.

तिला भोंगा देऊ केला होता, तो तिनं घेतला नाही. ती म्हणाली, एप्रिलात मी थर्मन कॉइलचा मासा बाहेरचा ठरवला. तो बाहेरचा नव्हता. स्टेगलच्या तळ्याची मोरी फेब्रुवारीत फुटली, रेघेचे मासे टर्नबोत आलेत, हे तीन मी स्वतः सॉयरच्या तोंडाशी धरले, ज्याला बघायचे त्यानं येऊन बघावेत. थर्मननं नियमानं मासा धरला, खरं सांगितलं आणि मी त्याला खोटं पाडलं. आणि तुम्ही लोकांनी महिनाभर त्याच्या नावानं हसून घेतलंत, त्यातलं निम्मं माझ्या खात्यावर टाका, निम्मं तुमच्या.

कढईत तेल तडतडत होतं. थर्मन पार मागे झाडाखाली उभा होता आणि त्याला नको होतं तेच झालं, सगळ्यांनी वळून त्याच्याकडे बघितलं. मग टायरवाला रँडल मेबरी रांगेतून बाहेर आला. त्याचं तोंड उतरलं होतं, पण तो म्हणाला, यंत्र मी संध्याकाळी काढून आणून देतो. थर्मननं नको म्हणून मान हलवली. एवढं मोठं यंत्र ठेवायला त्याच्या चपट्या बोटीत जागा नव्हती, असं त्यानं नंतर सांगितलं. त्याला फक्त फळीवर नाव हवं होतं. तेही त्यानं स्वतः मागितलं नाही. बर्लनं विचारलं तेव्हा म्हणाला, व्हर्डीला बरं वाटलं असतं.

बर्लनं त्याच आठवड्यात रँडलच्या नावावर पांढरा रंग मारला आणि वर थर्मन कॉइल लिहिलं, दोन पौंड अकरा औंस. रंग एकाच हाताचा मारल्यामुळे खालची अक्षरं उन्हात अजून थोडी दिसतात.

जोरेटाला वाटलं होतं की ताई आता पारखायचं काम सोडून देईल. तिनं तसं विचारलंही.

"का सोडू?" विल्डा म्हणाली. "या तळ्यावर माझ्यापेक्षा मासा कुणाला जास्त कळतो, सांग. नाव दे एखादं."

जोरेटाला नाव देता आलं नाही.

"मासा ओळखायला मी चुकलेच नव्हते. तो स्टेगलचाच होता. माणूस ओळखायला चुकले. पुढच्या वेळी आधी माणसाचं ऐकून घेईन, मग माशाचं नाव सांगेन. पण सांगणार मीच."

आणि पुढच्या एप्रिलात ती टेबलामागे बसलीच. तोवर रेघेचे मासे टर्नबोत सगळीकडे पसरले होते, दर दहांत एखादा तरी निघायचा, आणि शहरातून येणारे लोक तो दाखवून विचारायचे की याला काही रोग झालाय का. त्यांना विल्डा सगळी हकीकत सांगायची, मोरीपासून. स्वतःची चूक गाळायची नाही. उलट ती जरा तिखटमीठ लावूनच सांगायची, आणि ऐकणारा हसला तर तिला चालायचं.

थर्मन मात्र मेच्या त्या जेवणानंतर उन्हाळाभर धक्क्यावर आला नाही. रस्त्यात भेटला तर टोपीला हात लावायचा, तेवढंच. ज्यांनी त्याचं काम काढून घेतलं होतं त्यांतल्या एका घरानं परत बोलावलं, दुसऱ्यानं नाही. विल्डानं त्याचा पिच्छा पुरवला नाही. तिचं म्हणणं तिनं सांगून झालं होतं, आता त्याला लागेल तेवढा वेळ तो घेईल असं तिनं धरलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात, पानं पिवळी पडल्यावर, क्रॉपी पुन्हा उथळ पाण्याकडे आले. एका शनिवारी दुपारी शेडवर गर्दी होती. रांगेत थर्मन उभा असलेला तिनं बघितला आणि तिनं हातातलं काम उरकलं त्याच गतीनं, त्याच्यासाठी घाई केली नाही. त्याचा नंबर आला तेव्हा त्यानं बादली टेबलावर ठेवली. अकरा मासे होते, सात पांढरे, चार काळे, काळ्यांत एक रेघेचा. तो आजवर आपले मासे घरी स्वतःच साफ करायचा. या शेडवर त्यानं कधी एकही आणला नव्हता.

विल्डानं पहिला मासा ओढून घेतला.

"मांस सोडवू का अख्खे ठेवू?"

"खवले काढून अख्खे. शेपट्या ठेवा. शेपट्या कुरकुरीत होतात."

"शेपट्या मी कुणाच्याच कापत नाही," ती म्हणाली. "जे कापून मागतात त्यांना खायचं कळत नाही."

थर्मन हसला नाही, पण बाजूला पडलेली उलटी बादली त्यानं पायानं जवळ ओढली आणि तिचं काम होईपर्यंत त्यावर बसून राहिला. नळीचं पाणी चालू होतं, खवले उडत होते. तिनं अकराच्या अकरा मासे धुऊन कागदात बांधले. तो उठला, पुडकं घेतलं आणि म्हणाला, सॉयरच्या पलीकडच्या वळणात आत्ता चांगले लागतायत, बारा फुटांवर. आपली जागा कुणी कुणाला सांगत नसतं. विल्डानं मान हलवली आणि पुढच्या माणसाची बादली ओढून घेतली.